कडवट पेयाचा पहिला ग्लास: काय मागवावे, कसे प्यावे आणि सोबत काय खावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक पती-पत्नी काही दिवसांसाठी मिलान आणि व्हेनिसला जाणार आहेत. संध्याकाळी तिथल्या एखाद्या गल्लीतल्या लहानशा बारमध्ये जाऊन कडवट पेय आणि त्यासोबतचे छोटे पदार्थ घ्यावेत, अशी त्यांची इच्छा आहे. मात्र पूर्वी एकदा पतीने कांपारी हे लाल, कडू इटालियन पेय घेऊन पाहिले होते आणि दोन घोटांनंतर ग्लास बाजूला ठेवला होता. पत्नी मांस आणि मासे खात नाही. काय मागवावे, कोणत्या क्रमाने प्यावे आणि तिथली रीत काय, असे त्यांनी विचारले आहे.

मी बारा वर्षे बारच्या काउंटरमागे काम केले आणि त्यांतली चार वर्षे व्हेनिसमध्ये काढली, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. दोन घोटांत कांपारी नकोशी झाली म्हणजे आपल्याला कडू मानवत नाही, असा निष्कर्ष कृपया काढू नका. त्या वेळी सोबत खायला काय होते, ग्लासात बर्फ किती होता आणि सोडा होता की नव्हता, हे आधी आठवून पाहा. बहुतेकांच्या बाबतीत उत्तर असे येते की पेय जवळजवळ नुसतेच होते आणि समोर खायला काहीही नव्हते. कडवट पेय आणि खारट-स्निग्ध घास ही एकच गोष्ट आहे, तिचे दोन भाग एकमेकांपासून तोडले की दोन्ही अपुरे वाटतात. माझ्या पुढच्या सगळ्या सांगण्याचा आधार हाच आहे.

जेवणाआधीच्या अशा पेयाला इटलीत अपेरितीवो म्हणतात. हा शब्द 'उघडणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला आहे. जेवणाआधी भूक चाळवावी हा या पेयाचा मूळ हेतू, आणि त्यातला कडूपणा त्यासाठीच असतो. माणसाच्या जिभेवर कडू चव ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे संवेदी ग्राहक (रिसेप्टर) असतात, तर गोड चवीसाठी मुख्यतः एकच जोडी काम करते. निसर्गातली पुष्कळ विषे कडू असल्यामुळे शरीर या चवीबाबत इतके सावध राहिले असावे. कडू लागताच तोंडात लाळ सुटते आणि तोंड पुढच्या घासाची वाट पाहू लागते. तो घास आलाच नाही, तर ती सावधगिरी नुसती नकोशी होऊन बसते. घास आला आणि त्यात मीठ असले, तर मिठातला सोडियम जिभेला जाणवणारा कडूपणा दाबतो आणि इतका वेळ त्याच्याआड लपलेल्या संत्र्याच्या सालीच्या, मुळांच्या आणि पाल्याच्या चवी वर येतात. उलट बाजूने, तेलकट घासानंतर तोंडात जो थर राहतो तो कडवट, थंड आणि फसफसणारा घोट स्वच्छ करतो.

हे पुस्तकी वाटत असेल तर बसल्या जागी करून पाहता येते. ग्लास आला की आधी एक लहान घोट घ्या आणि तो लगेच न गिळता क्षणभर तोंडात ठेवा. मग एक खारवलेले ऑलिव्ह नीट चावून खा आणि दुसरा घोट घ्या. ग्लास तोच असूनही दुसरा घोट पहिल्यापेक्षा गोलसर आणि फळांच्या चवीचा लागेल.

हे मला कोणत्याही प्रशिक्षणात शिकायला मिळाले नाही. व्हेनिसमधल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात एक वयस्क गृहस्थ रोज सव्वासहाच्या सुमारास येत आणि काउंटरच्या डाव्या टोकाला उभे राहत. मी ग्लास पुढे सरकवला की ते त्याला हातही लावत नसत. आधी बशीतली अँकोव्ही, म्हणजे खारवलेली लहान मासळी, पावाच्या तुकड्यावर पसरून घेत, तिच्यावर लोण्याचा लहानसा गोळा ठेवत, तो तुकडा अर्धा खात आणि मगच पहिला घोट घेत. उरलेला अर्धा तुकडा ग्लासाच्या शेवटच्या घोटासाठी राखलेला असे. एके दिवशी अँकोव्ही संपली होती, म्हणून मी नुसताच ग्लास दिला. त्यांनी तो परत माझ्याकडे सरकवला आणि शांतपणे सांगितले की आज त्यांना फक्त कॉफी द्यावी. त्या संध्याकाळनंतर खाण्याच्या बशीशिवाय कडवट ग्लास मी कुणाहीपुढे ठेवलेला नाही.

आता पेयांकडे वळू. उत्तर इटलीतली लाल-नारिंगी कडवट पेये वरवर सारखीच दिसत असली, तरी त्यांच्या कडवटपणाच्या पायऱ्या वेगवेगळ्या आहेत. सर्वांत सौम्य आपेरोल. पादुआच्या बार्बिएरी बंधूंनी ते १९१९ मध्ये बाजारात आणले आणि त्यात अल्कोहोल ११ टक्के असते. ते गोडसर असून त्यात संत्र्याची चव पुढे असते आणि कडूपणा मागे. त्याच्या वरची पायरी म्हणजे १९२० पासूनचे व्हेनिसचे सेलेक्ट. त्यात अल्कोहोल १७.५ टक्के, रंग अधिक गडद आणि चवीत पाल्याचा व मुळांचा भाग जास्त. त्यानंतर कांपारी. गास्पारे कांपारी यांनी ते १८६० मध्ये नोव्हारा येथे तयार केले. इटलीत त्याचे अल्कोहोल २५ टक्के असते आणि त्याची कडू चव घोट गिळल्यानंतरही बराच वेळ रेंगाळते. चीनार या सगळ्यांपेक्षा वेगळ्या वाटेचे आहे. १९५२ मध्ये बाजारात आलेले हे तपकिरी पेय १६.५ टक्क्यांचे असून ते आर्टिचोकची पाने आणि इतर वनस्पतींपासून बनते. त्यात आर्टिचोकची भाजी म्हणून ओळखू येईल अशी चव मात्र नसते, तर मातकट, किंचित कॅरमेलसारखी आणि मग कडू अशी लागते. मला स्वतःला ही चव फार प्रिय आहे, तरी पहिल्याच संध्याकाळी ती घ्यावी असे मी सुचवणार नाही.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. जे जास्त कडू ते जास्त चढणारे, असे बरेच जण समजतात, आणि 'हलके' म्हणून आपेरोल स्प्रिट्झचे दोन-तीन ग्लास घेऊन नंतर अडचणीत येतात. हिशेब साधा आहे. एका स्प्रिट्झमध्ये साधारण ९० मिलिलिटर प्रोसेक्को ही फसफसणारी वाइन आणि ६० मिलिलिटर आपेरोल असते. दोन्हींत सुमारे ११ टक्के अल्कोहोल धरले, तर ग्लासात शुद्ध अल्कोहोल जवळपास साडेसोळा मिलिलिटर होते. कांपारी, गोड व्हर्मूथ (वनस्पतींच्या चवीची वाइन) आणि सोडा यांच्या अमेरिकानोत कांपारी व व्हर्मूथ प्रत्येकी ३० मिलिलिटर धरले, तर ते बारा मिलिलिटरच्या आसपास येते. कांपारी सोडा नावाच्या त्या चिमुकल्या बाटलीत १० टक्के अल्कोहोल असते आणि बाटली १०० मिलिलिटरला थोडी कमी भरते, म्हणजे शुद्ध अल्कोहोल दहा मिलिलिटरहूनही कमी. उलट जिन, कांपारी आणि व्हर्मूथ समप्रमाणात असलेल्या नेग्रोनीत ते चोवीस मिलिलिटरपर्यंत जाते. म्हणजे या चौघांत सर्वांत कमी अल्कोहोल असलेले पेय चवीला स्प्रिट्झपेक्षा बरेच कडू असते. कडूपणामुळे माणूस सावकाश पितो, हा त्याचा आणखी एक फायदा.

कांपारी सोड्याच्या बाटलीकडे जरा निरखून पाहा. उलट्या ठेवलेल्या पेल्यासारखा तिचा आकार फोर्तुनातो देपेरो या कलावंताने घडवला आणि १९३२ पासून ती जवळजवळ त्याच रूपात चालू आहे. तिला कागदी लेबल नसते, अक्षरे काचेतच उठवलेली असतात. ज्यांना पूर्वी कांपारी जड गेली, त्यांना मी दुसऱ्या दिवशी हीच बाटली सुचवतो, कारण तिचे प्रमाण कारखान्यातच ठरलेले असते आणि बारटेंडरच्या सैल हाताचा तिच्यावर परिणाम होत नाही.

मिलानमध्ये असाल तर संध्याकाळी सहा ते आठ ही योग्य वेळ. दुओमो या मोठ्या चर्चसमोरच्या व्हित्तोरियो एमानुएले गॅलरीच्या तोंडाशी १९१५ मध्ये दाव्हिदे कांपारी यांनी सुरू केलेला कांपारीनो हा बार इतिहासासाठी एकदा काउंटरशी उभे राहून पाहावा. पण आपल्या प्रश्नातला निवांतपणा तिथे मिळणार नाही, तो मिळतो निवासी वस्तीतल्या लहान बारमध्ये. बार बासो हे नाव आपण ऐकले असेल. तिथे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मिर्को स्तोकेत्तो यांच्या हातून नेग्रोनीत जिनऐवजी स्पुमान्ते म्हणजे फसफसणारी वाइन पडली आणि 'चुकलेला' या अर्थाचे स्बालियातो हे नाव त्या पेयाला मिळाले. नेग्रोनीकडे जाण्याआधीची पायरी म्हणून स्बालियातो उत्तम आहे.

मिलानमध्ये पुष्कळ ठिकाणी पेयाच्या किमतीत भरपूर खाण्याचे टेबल मांडलेले असते. पास्ता, भात, पिझ्झाचे तुकडे असे सगळे असते आणि त्याला अपेरिचेना म्हणतात, म्हणजे अपेरितीवो आणि रात्रीचे जेवण यांची सांगड. तरुण मंडळींना ते सोयीचे पडते हे मान्य आहे, पण कडवट पेय समजून घ्यायचे असेल तर मी तिथे जाऊ नये असे म्हणेन. पोट भरले की भूक चाळवण्यासाठी केलेल्या पेयाला करण्यासारखे काही उरत नाही. ज्या बारमध्ये ग्लासाबरोबर ऑलिव्ह, खारे शेंगदाणे किंवा बटाट्याचे काप आणि फार तर चीजचा एखादा तुकडा येतो, तो बार निवडावा.

बार चांगला आहे की नाही हे आत शिरताच दोन-तीन गोष्टींवरून कळते. पहिली गोष्ट व्हर्मूथची बाटली कुठे आहे ती. व्हर्मूथ हा वाइनचाच प्रकार आहे. युरोपीय नियमांप्रमाणे त्यात किमान तीन चतुर्थांश वाइन असावी लागते. उघडलेली बाटली फ्रिजबाहेर आठवडेच्या आठवडे राहिली की तिची चव शिळी, सपाट होते. बाटली फ्रिजमधून निघाली तर समाधान मानावे. मागच्या फळीवर दिव्याखाली अर्धी रिकामी बाटली उभी असेल, तर त्या ठिकाणी अमेरिकानो आणि नेग्रोनी टाळून स्प्रिट्झ घ्यावा. दुसरी गोष्ट बर्फ. मोठे, कोरडे, पारदर्शक खडे असतील तर ते सावकाश वितळतात. चुरा झालेला ओला बर्फ पहिल्या पाच मिनिटांतच पेयाचे पाणी करतो. तिसरी गोष्ट संत्र्याची चकती आपल्यासमोर कापली जाते की सकाळी कापून डब्यात ठेवलेली असते. ताज्या सालीतून उडणारे तेल नाकाला लागले पाहिजे.

स्प्रिट्झ करताना बारटेंडरचे हात पाहावेत. ग्लास काठोकाठ बर्फाने भरला जातो, बर्फ कमी घातल्यास उरलेला बर्फ लवकर वितळतो आणि पेय पातळ होते. मग ग्लास किंचित तिरका धरून प्रोसेक्को ओतली जाते, तिचा फेस बसू दिला जातो, त्यानंतर कडवट पेय आणि वर सोड्याचा एक फवारा. लांब चमचा तळापर्यंत नेऊन फक्त एकदा वर उचलला जातो. घुसळल्यास बुडबुडे मरतात. व्हेनिसमध्ये सेलेक्टच्या स्प्रिट्झमध्ये काडीला टोचलेले मोठे हिरवे ऑलिव्ह घालतात आणि ते शोभेसाठी नसते. अर्धा ग्लास झाल्यावर ते खावे, तोवर त्यात पेय मुरलेले असते आणि पेयातही त्याचे मीठ उतरलेले असते.

व्हेनिसची गोष्ट मिलानपेक्षा वेगळी आहे आणि माझ्या दृष्टीने जास्त समृद्ध आहे. तिथल्या लहान बारला बाकारो म्हणतात आणि काचेच्या पेटीत मांडलेल्या घासभर पदार्थांना चिकेत्ती. वाइनच्या लहान ग्लासाला ओम्ब्रा म्हणजे 'सावली' म्हणतात. सान मार्कोच्या घंटाघराच्या सावलीत वाइन विकणारे सावलीबरोबर आपली गाडी सरकवत असत, अशी त्यामागची आख्यायिका आहे. रिआल्तोच्या बाजाराजवळचा दो मोरी हा बाकारो १४६२ पासून चालत असल्याचे सांगितले जाते. बाजारात काम करणारे लोक सकाळीच थकलेले असत, म्हणून बाकारोंचा जोर दुपारच्या जेवणाआधी आणि मग संध्याकाळी असतो. जुन्या पद्धतीचे कितीतरी बाकारो रात्री लवकर बंद होतात. रात्री नऊला निघालात तर काचेच्या पेटीत उरलेसुरले तेवढेच मिळेल. सकाळी अकरा ते एक किंवा संध्याकाळी सहाच्या ठोक्याला जावे.

चिकेत्तींपैकी एक तरी पदार्थ पतीने चुकवू नये, तो म्हणजे बाकाला मान्तेकातो. वाळवलेला कॉड मासा भिजवून, शिजवून, तेलाची बारीक धार सोडत इतका घोटायचा की तो पांढऱ्या, हलक्या मलईसारखा व्हावा. तो पावाच्या किंवा भाजलेल्या पोलेंताच्या (मक्याच्या पिठाच्या घट्ट लापशीच्या) तुकड्यावर लावून देतात. व्हेनिसच्या समुद्रात न मिळणारा हा मासा नॉर्वेहून येतो. पिएत्रो क्वेरिनी या व्हेनिसच्या व्यापाऱ्याचे जहाज फुटले आणि १४३२ च्या सुरुवातीला तो आणि त्याचे वाचलेले सोबती लोफोतेनमधल्या रस्ट बेटावर पोचले. तिथल्या कोळ्यांनी त्यांना सांभाळले आणि वाऱ्यावर वाळवलेल्या माशाशी व्हेनिसची ओळख या प्रवासामुळे झाली, असे मानले जाते. हा घास स्निग्ध आणि सौम्य असतो, त्यामुळे कडवट ग्लासाशी त्याची जोडी अचूक जमते. सार्दे इन साओर मात्र मी कडवट पेयाबरोबर देत नाही. तळलेल्या सार्डिन, व्हिनेगरमध्ये शिजलेला कांदा, बेदाणे आणि चिलगोज्यासारखे पाइनचे दाणे, असा तो आंबटगोड पदार्थ खलाशांसाठी टिकाऊ म्हणून जन्मला. त्यातले व्हिनेगर कांपारीच्या कडूपणाला धार लावते. त्याच्याबरोबर साधी पांढरी वाइन घ्यावी.

पत्नीसाठी पर्याय पुरेसे आहेत, पण विचारल्याशिवाय उचलू नये. पोलपेत्ते म्हणून दिसणारे तळलेले गोळे बहुधा मांसाचे किंवा ट्यूनाचे असतात आणि उकडलेल्या अर्ध्या अंड्यावर पुष्कळदा अँकोव्ही असते. "सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे" एवढे म्हटले की मांस आणि मासे नसलेले पदार्थ दाखवले जातात. निळे गोर्गोन्झोला चीज आणि अक्रोड लावलेला पाव कडवट पेयाबरोबर फार छान लागतो. काही चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या पदार्थाने, बनवतात, ते वर्ज्य असल्यास तसे स्पष्ट विचारावे. आर्टिचोकच्या बुडख्या लसूण आणि पार्सली घालून शिजवलेल्या मिळतात. त्यांच्यानंतर साधे पाणीसुद्धा बऱ्याच जणांना गोडसर लागते, म्हणून त्या खाताना कडवट पेय थोडे वेगळे वाटले तर आश्चर्य वाटू देऊ नये. आणखी एक गोष्ट शाकाहारी वाचकाला ठाऊक असावी: कांपारीचा लाल रंग पूर्वी कोचिनील या किड्यापासून काढत, आणि २००६ पासून अनेक देशांत तो वापरणे बंद करण्यात आले.

पत्नीला अल्कोहोल नको असेल तर तिने पाणी पीत बसण्याची गरज नाही. क्रोदीनो हे सोनेरी आणि सानबितेर हे लाल, अशी दोन्ही कडवट पेये अल्कोहोलविरहित आहेत, ती लहान बाटल्यांत येतात आणि इटलीत कोणत्याही बारमध्ये विनासंकोच मागता येतात. किनोत्तो हे लहान कडू संत्र्याचे गडद सरबतही तसेच. यांच्याबरोबरही खाण्याची बशी तीच येते.

रीतीबद्दल फार चिंता करू नये. आत जाताना "बुओनासेरा" म्हणावे, काउंटरशी जागा करून उभे राहावे, आणि चिकेत्ती बोट दाखवून मागावेत, पण काचेआड स्वतः हात घालू नये. एका वेळी दोन-दोनच घ्यावेत, म्हणजे पुढचे ताजे मिळतात. उभे राहून आणि टेबलाशी बसून घेतलेल्या पेयाचे दर वेगळे असू शकतात, ते भिंतीवरच्या दरपत्रकावर आधीच पाहावेत. बसल्यास माणशी कोपेर्तो नावाचे शुल्कही लागू शकते. टीप देणे सक्तीचे नाही. कायद्याने वय १८ पूर्ण असावे लागते. व्हेनिसमध्ये गाडी चालवण्याचा प्रश्न येत नाही, पण मिलानहून गाडी चालवायची असेल तर रक्तातली मर्यादा प्रतिलिटर ०.५ ग्रॅम आहे आणि परवाना मिळून तीन वर्षे झाली नसतील तर शून्य, म्हणून चालवणाऱ्याने क्रोदीनोच घ्यावे.

क्रम असा ठेवावा. पहिल्या संध्याकाळी ऑलिव्हसह सेलेक्टचा स्प्रिट्झ आणि बाकाला. तो गोड वाटला, आणि माझ्या अनुभवात निम्म्या लोकांना तो वाटतोच, तर दुसऱ्या संध्याकाळी कांपारी सोड्याची बाटली भरपूर बर्फावर ओतून, खारट चीजबरोबर. तिसऱ्या संध्याकाळी अमेरिकानो. नेग्रोनी घ्यायचीच असेल तर एकच घ्यावी, खाण्याची बशी आल्यानंतर घ्यावी, आणि त्या दिवशी दुसरे काही घेऊ नये. प्रत्येक दिवशी ग्लास एकच पुरे, फार तर दोन. आठ वाजले की बिल मागावे आणि जेवायला दुसरीकडे जावे, कारण तोवर भूक कडकडून लागलेली असेल.